डबा पांढरा होता

अगं ये, जवळ ये जरा. किती लांबून बोलतेस! फोनवर दोन ओळी टाकल्यास, "मावशी, मी पण जर्मनीला निघाले, ताईने तिकडे नेट कुठलं घेतलं आणि टीव्हीचा डबा कुठला घेतला, तेवढं विचारून कळव," आणि झालीस मोकळी. मावशी कशी आहे, काका कसे आहेत, काही नाही. नाशिकहून सिल्वासा म्हणजे काय सातासमुद्रापार आहे का गं? घाटातून थेट बस येते. दहावीच्या सुट्टीत आलीस ती शेवटची. तेव्हा पंधरा दिवस माझा पदर सोडला नाहीस आणि आता डब्याचं नाव विचारतेस. रागावले नाहीये. म्हणजे थोडी रागावलेच आहे.

सांगते. डब्याचं सांगते, नेटचंही सांगते. पण ते फोनवर दोन ओळींत मावायचं नाही, म्हणून वही घेऊन बसले. माझी शाळा तुला ठाऊक आहे, चौथीपर्यंत. पुढची सगळी शाळा किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि तुझ्या ताईच्या पुस्तकांवर झाली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस. मी बोलते आहे असं समजून वाच.

आधी एक शब्द सांगते, कारण सगळा घोळ त्याच्यावर झाला. चालेल.

आम्ही धुळ्याकडून इथं आलो तेव्हा तुझ्या काकांना मसाटला धाग्याच्या कारखान्यात काम लागलं होतं. खोलीत नळ नव्हता. यांनी विचारलं, चालेल का? मी म्हटलं, चालेल. कामाची पाळी अशी लागली की सणाला गावी जाता येईना. चालेल. पंखा एकच, तो पाळणा होता तिथं लावायचा. चालेल. आणि हा मुलूख असा की आजूबाजूला सगळे गुजराती, ते पण दिवसभर तेच म्हणतात, चालशे. म्हणजे यंत्र सुरू होईल त्यालाही चालेल, भागवून घेऊ त्यालाही चालेल, आणि मनात नाही पण तोंडाने हो, त्यालाही चालेलच. हे ताईला चिडवायचे, "आईला कशाला विचारतेस गं? ती चालेलच म्हणणार. घराला आग लागली सांगितलं तरी म्हणेल, चालेल, चहा ठेवता येईल."

पण ताई हुशार. शाळेत होती तेव्हापासून माझ्या तोंडाकडे नीट बघायची आणि विचारायची, "आई, हे खरं चालेल का तुझं चालेल?" तुझं चालेल म्हणजे खोटं. तिच्यापुढे माझं काही लपत नसे.

आता काकांचं सांगते. हे नीट ऐक, कारण हे तुला कुणीच सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही मी आत्ता आत्ता सांगितलं.

काका कारखान्यात चेकिंगला होते. धाग्याचे कोन, म्हणजे धागा गुंडाळलेली शंकूसारखी रिळं, एका खोलीत जांभळ्या दिव्याखाली मांडतात, शेकड्याने. सगळे पांढरे. तुला मला सगळे सारखेच दिसतील. त्यात एखादा कोन दुसऱ्या लॉटचा आला की पुढे कापडावर पट्टा उठतो, सगळा माल वाया. तो एक कोन हे उभ्या उभ्या बोटाने दाखवायचे. घरी येताना उरलेसुरले धाग्याचे तुकडे खिशात घालून आणायचे आणि ताईला समोर बसवून खेळ चालायचा. "सांग, हा कुठला पांढरा?" ती सांगायची, दुधी. "हा?" कच्चा. "आणि हा?" निळसर. चुकली की टपली. आठ वर्षांची पोर पांढऱ्याचे सात प्रकार ओळखायची. पुढे ती सायली गावच्या कारखान्यात लॅबमध्ये लागली, त्यात या खेळाचा हात होता असं मला वाटतं. तिथूनच कंपनीने तिला जर्मनीला पाठवलं. एका वर्षासाठी. जाताना म्हणाली, "आई, बोटांवर मोज, बारा महिने."

ती गेली आणि महिनाभरात हे दाराच्या चौकटीवर आपटले. मग एकदा ताटाच्या डाव्या बाजूची चटणी मागितली. समोरच होती. मला वाटलं चेष्टा करतात. वापीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी यंत्रात डोकं घालायला लावलं, ठिपके दाखवले, आणि मग मला आत बोलावलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, आधी कडेचं दिसणं जातं, मग मधलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. थेंब चुकवायचे नाहीत. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "ज्याचं त्याचं वेगळं असतं, आई. कुणाला वर्ष, कुणाला दोन, कुणाला बरंच जास्त. उशिरा आलात."

रिक्षात बसल्या बसल्या यांनी माझा हात धरला. मला वाटलं धीर द्यायला. तर म्हणतात, "पोरीला एक शब्द सांगायचा नाही. ऐकलं की ती काम टाकून पळत येईल. माझ्या डोळ्यांची शपथ आहे तुला."

आता सांग, बाईने काय करावं? ज्या डोळ्यांसाठी बोलायचं त्याच डोळ्यांची शपथ. तू म्हणशील मावशी, शपथेबिपथेला काय होतं. तुला काही होत नसेल. मी चाळीस वर्षं या माणसाच्या नावाचं कुंकू लावलं आहे, माझी जीभ रेटेना.

तर असं सगळं असताना ताईचा फोन आला.

कंपनीने दिलेली खोली सोडून ती भाड्याच्या घरात गेली होती. तिथं नेट नव्हतं. खिडकीत उभं राहून फोनच्या नेटवर बोलायची, चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. काका फोन नाकाशी धरून बसायचे आणि ती म्हणायची, "पप्पा, तुमचं नुसतं नाकच दिसतंय." हसायची. तिला काय माहीत ते का नाकाशी धरतात.

त्या दिवशी मी मेथी निवडत होते. फोन साखरेच्या बरणीला टेकवलेला. हे अंघोळीला गेलेले. ती म्हणाली, "आई, नेटचे दोन प्रकार आहेत. एक महिन्या-महिन्याचं. केव्हाही सोडता येतं, पण महाग, आणि टीव्हीचा डबा आपला आपण आणायचा. दुसरं दोन वर्षांच्या कराराचं. ते स्वस्त आणि वर डबा फुकट. त्याच्यावर आपल्याकडचं सगळं लागतं." मग जरा थांबून म्हणाली, "दोन वर्षांचं घेऊ? चालेल?"

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं सांगू? फुकट. मराठी गाणी लागतील. पोर एकटी घरात येते, निदान घरात माणसांचा आवाज होईल. आणि टीव्हीवर मोठं चित्र येत असेल तर आपणही इकडे काही करून यांना तिचं तोंड मोठं दाखवू. मेथीची काडी मोडत मोडत म्हटलं, "चालेल की! आपला इथला चालतो, तुझा का नाही चालणार?"

तिकडे ती गप्प झाली. मला वाटलं, चित्र अडकलं.

"बरं," म्हणाली. "तू म्हणतेस तर घेते. चौदा दिवसांच्या आत नको वाटलं तर परत करता येतं." आणि फोन ठेवला.

चौदा दिवस. हे मी तेव्हा ऐकलंसुद्धा नाही धड.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बेन ताक द्यायला आल्या. तू त्यांना बघितलंय, त्याच त्या, मोठ्ठं कुंकू लावणाऱ्या. त्यांची मराठी अशी, निम्मी सुरतेकडची. मी आपली कौतुकाने सांगायला लागले, ताईने दोन वर्षांचं नेट घेतलं, डबा फुकट मिळाला. बेन ताकाचं भांडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"दोन वरसनुं? तो मग ती दोन वरस येवानी नथी?"

"छे! येणार ना. आठ महिने राहिले."

"आठ महिना राहिले नी दोन वरसनुं नेट घेतलं?" त्यांनी भांडं ओट्यावर ठेवलं. "माझा दीकरो परदेशी गेला ना, तो पण आधी एम ज बोललेला, मम्मी, एक वरस. मग मोटो टीवी घेतला. मग सोफा घेतला. सोफा घेतला ना, ते दिवशी मी समजी गई."

बेन गेल्या. मी ताकाचं भांडं झाकून ठेवलं. ताई दोन वर्षं राहायचं म्हणत होती. नेटच्या आडून. आणि मी तिला हसत हसत म्हटलं होतं, चालेल.

लगेच फोन करायला हवा होता, हो ना? तू केला असतास. पण काय सांगणार होते मी? परत ये म्हणून सांगायला कारण लागतं. कारण एकच होतं, आणि ते शपथेत बांधलेलं. शिवाय मनात दुसरंही चालू होतं, लपवत नाही तुझ्यापासून. पोरीला चांगलं काम मिळालंय, तिचं नाव होतंय, आपण तिचा पाय ओढायचा का? आपण आपल्या आईला मागे ठेवून इथं आलोच ना? आणि लगेच वाटायचं, दोन वर्षं. म्हणजे हे राहिलेले आठ महिने सोडून आणखी केवढं तरी. डॉक्टर काय म्हणाले होते? कुणाला वर्ष, कुणाला दोन. ती येईल तेव्हा हे दारात उभे राहतील आणि विचारतील, कोण आलंय?

संध्याकाळी चहा देताना मी यांना म्हटलं, "ताईने दोन वर्षांचं नेट घेतलंय."

"मग चांगलंय की."

"दोन वर्षांचं म्हणतेय मी."

"ऐकू येतं मला. ऐकू येण्याचं काही बिघडलेलं नाही." आणि हात चाचपडत म्हणाले, "बशी दिली नाहीस."

बशी त्यांच्या डाव्या हाताला होती. मी उचलून समोर ठेवली.

चौथ्या दिवशी मला युक्ती सुचली. तुला हसू येईल. मी म्हटलं, पोर डब्याच्या मोहाने दोन वर्षांत अडकते आहे ना, मग आपणच डबा पाठवू. डबा मिळाला की ती महिन्या-महिन्याचं घेईल. शपथ पण मोडायची नाही आणि काम पण व्हायचं. पदर खोचला आणि बाजारात टीव्हीवाल्याकडे गेले. तो गुजराती पोरगा, मला मासी म्हणतो.

"आवो मासी. बोला."

"असा डबा दे, जो जर्मनीत चालेल."

"चालशे, मासी. आखी दुनियामां चालशे."

"तिथली वीज वेगळी असते म्हणे."

"चालशे."

"तिथल्या टीव्हीला लागेल?"

"मासी, चालशे, बोललो ना!"

"तुझं चालशे म्हणजे चालेल, का चालवून घ्यावं लागेल?"

तो हसला. मग मी हळूच विचारलं की तिकडे दोन वर्षांचा करार केला आणि माणूस मधेच निघून आला तर? हसायचा थांबला. म्हणाला, आपल्याकडे महिना भरला नाही की नेट बंद, विषय संपला. तिकडे करार म्हणजे करार, घरात राहा नाहीतर नका राहू, दोन वर्षं भरत बसायचं. "पण छोकरी बे वरस रहेवानी छे ने, मासी? तो शुं वांधो?"

वांधा काय ते मी त्याला काय सांगणार. डबा घेतला. तळहाताएवढा, काळा कुळकुळीत. घरी आणून यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही हातांनी फिरवून फिरवून बघितला, डोळ्यांजवळ नेला.

"तिला तिकडे फुकट मिळतोय आणि तू इथून विकत घेऊन पाठवतेस?"

"असू दे. घरचा तो घरचा."

"डबा म्हणजे काय लोणचं आहे का, घरचा चांगला लागायला?"

सहाव्या दिवशी ताईचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं, मी डबा घेऊन ठेवलाय, कुणी जाणारं असलं की पाठवते, तू ते महिन्या-महिन्याचं घे.

"आई, डब्याचा प्रश्नच नाहीये गं."

"मग कशाचा आहे?"

"पप्पा आहेत का तिथे?"

"आहेत. इथंच बसलेत."

"राहू दे मग. नंतर बोलू."

तिच्याही मनात काहीतरी होतं जे ती पप्पांपुढे बोलत नव्हती. माझ्याही मनात होतं जे मी पप्पांपुढे बोलू शकत नव्हते. आणि पप्पा मधे बसून म्हणत होते, "काय बायका आहेत, डब्यावरून एवढ्या भरून आल्यासारख्या बोलतात."

सात, आठ, नऊ. मी दिवस थेंबांवर मोजत होते. त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायला डोकं मागे करायला लावायचं, पापणी बोटाने ओढायची, थेंब टाकायचा आणि मनात म्हणायचं, आठवा. थेंब टाकल्यावर ते डोळे मिटून पडून राहतात. तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघून घेते. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर म्हणतात, काय बघतेस, मी काय चाललोय कुठे?

दहाव्या दिवशी फोन वाजला. दुपारची वेळ होती, दुसऱ्या पाळीचे कामगार भरून मसाटच्या बसगाड्या जात होत्या, बाहेर हॉर्नचा कलकलाट. मी फोन समोर धरला, हे माझ्या उजवीकडे बसले.

"आई, डबा आला," ताई म्हणाली. "उद्या तार जोडायला माणूस येतोय. एकदा जोडून घेतलं की मला परत बिरत काही करायचं नाही. म्हणून म्हटलं, आज एकदा बोलावं."

आता बघ, मी काही ठरवलं नव्हतं. शप्पथ सांगते. तोंडातून आपोआप गेलं.

"नाही चालणार."

"काय?"

"दोन वर्षांचं. नाही चालणार मला."

हे माझ्याकडे वळले. "काय बोलतेस गं? डोकं फिरलं का तुझं?"

ताई कॅमेऱ्याच्या जवळ आली. लहानपणी यायची तशी, माझं तोंड बघायला. "आई, तू कधी नाही म्हणतेस? मग त्या दिवशीचं चालेल कुठलं होतं? खरं का तुझं?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"का नाही चालणार ते तरी सांग."

यांनी माझ्या दंडाला एवढा चिमटा काढला की दोन दिवस हिरवं होतं. तोंड मिटून बसले. आणि मग तिने सांगून टाकलं. कंपनीने विचारलंय, आणखी दोन वर्षं राहशील का. सोमवारी सांगायचं आहे. "मी नेटचं विचारतच नव्हते तुला, आई. मला वाटलं तू समजलीस. तू चालेल म्हणालीस तेव्हा मी खूप रडले. मला वाटलं, तुम्हाला चालतंय."

माझं तोंड उघडायच्या आत यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. नाकाशी धरला. आवाज एकदम मोठा, खोटा हसरा. "अगं राहा! बिनधास्त राहा! तुझ्या आईचं काय ऐकतेस? इथं काय अडलंय तुझ्यावाचून? आम्ही ठणठणीत आहोत. तो डबा दाखव बघू, आला ना? दाखव."

ताईने डबा उचलला आणि आपल्या गालाजवळ धरला. मी यांच्या खांद्यावरून बघत होते.

"कसा आहे, पप्पा?"

"फस्क्लास! काळा घेतलास ते बरं केलंस. मळत नाही."

डबा पांढरा होता.

ते तिच्या तोंडाकडे बघत होते गं. मधोमध तेवढं दिसतं, तेवढं धरून बसले होते. बाजूला धरलेला डबा त्यांना दिसलाच नाही. माझा काळा डबा सहा दिवसांपूर्वी हातात फिरवला होता, तोच रंग सांगितला.

ताई हलली नाही. मला परत वाटलं चित्र अडकलं. पण तिच्या मागे पडदा हलत होता. मग एकदम बारीक आवाजात, अगदी आठ वर्षांची असताना बोलायची तशी, म्हणाली, "पप्पा. हा कुठला पांढरा आहे, सांगा ना."

हे थांबले. फोन थोडा लांब नेला, जवळ आणला. माझ्याकडे वळले, मला शोधत. मी होते तिथंच होते.

"तुझ्याकडे उजेड कमी आहे," म्हणाले.

"उजेड भरपूर आहे, पप्पा. मी खिडकीत उभी आहे."

मग ती म्हणाली, मी करते फोन. आणि स्क्रीन काळी झाली.

त्यानंतर तीन दिवस फोन नाही. घरात हे माझ्याशी बोलेनात. थेंब टाकायला आले की डोकं मागे करायचे, पण तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी एकदाचे म्हणाले, "शपथ मोडलीस."

मी म्हटलं, "मी काय बोलले? माझं तोंड तर मिटलेलं होतं. रंग कुणी सांगितला?"

"नाही चालणार, असं कोण म्हणालं?"

"ते मला नाही चालणार म्हटलं. तुमच्या डोळ्यांचं मी नाव घेतलं का? चाळीस वर्षं मला सगळं चालत आलं. एक नाही चाललं तर एवढं काय झालं?"

ते हसले नाहीत. पण पाण्याचा ग्लास मागितला, आणि मी दिला तेव्हा म्हणाले, "समोर ठेव." पहिल्यांदा म्हणाले तसं. इतके दिवस आपलं ते आपण चाचपडायचे.

माझा जीव मात्र टांगणीला होता. तेरा दिवस झाले. उद्या चौदावा. तार जोडायला माणूस येऊन गेला असेल का? सोमवारही होऊन गेला होता. तिने काय सांगितलं असेल? बेन येऊन विचारायच्या, फोन आला? मी मान हलवायची. त्यांनीही सोफ्याचं नाव काढलं नाही.

चौदाव्या दिवशी जेवायच्या वेळी फोन टणकन वाजला. फोटो आला होता. खोकं. वरून चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि मागे पोस्टाचा पिवळा काउंटर. वरचं काही मला वाचता आलं नाही, पण परत पाठवलेलं खोकं कळायला भाषा लागत नाही. खाली तिचा आवाज पाठवलेला. मी तो मोठा करून लावला, यांनाही ऐकू जाईल असा.

"आई, डबा परत केला. महिन्या-महिन्याचं घेतलं. कंपनीला नाही म्हणून सांगितलं, वर्ष पुरं करून येते. मधे सुट्टी मागितलीये, अजून मिळाली नाही. पप्पांना विचार, थेंब किती वेळा टाकायचे आणि कोणते, मला फोटो पाठव. आणि त्यांना सांग, खेळात रडीचा डाव खेळलात. आणि आई, तो तुझा काळा डबा पाठवून दे कुणाबरोबर तरी. महाग पडतंय सगळं, पण चालेल."

यांनी ताट बाजूला सारलं. "परत लाव," म्हणाले. मी परत लावला. मग म्हणाले, "शेवटचं चालेल कसलं होतं? खरं का तुझ्यासारखं?"

मी म्हटलं, "ती आली की समोर बसून विचारा."

तर असा डबा, बाई. तू विचारलंस कुठला घेतला, तर घेतलेला परत केला, आणि जो घ्यायचा तो माझ्या कपाटात साड्यांखाली पडलाय. तो तिथं लागेल की नाही देव जाणे, टीव्हीवाला तर म्हणतो चालशे. तू घ्यायचा तो घे, पण करार किती दिवसांचा आहे ते आधी तुझ्या आईला नीट उलगडून सांग, भाजी निवडत असताना नको. आणि ती चालेल म्हणाली तर लगेच फोन ठेवू नकोस. माझीच बहीण आहे ती.

ताईला अजून सुट्टी मिळालेली नाही. डॉक्टर परवा म्हणाले, मागच्या वेळेपेक्षा थोडं आत सरकलंय. थोडं म्हणाले. मी विचारलं नाही, थोडं म्हणजे किती.

तू निघायच्या आधी इथं ये. डबा तुझ्याबरोबर द्यायचा आहे, ते तर आहेच, पण त्यासाठी नको येऊस. दोन दिवस राहायला ये. नागलीची भाकरी करीन, तेव्हा आवडायची तुला. पांढरा ड्रेस असेल तर तोच घालून ये. आल्यावर यांच्या बाजूला बसू नकोस, अगदी समोर खुर्ची घेऊन बस, तोंडासमोर, आणि विचार, काका, हा कुठला पांढरा? उजेडात बसवलं की अजून बरोबर सांगतात. सणाची वाट बघू नकोस, सुट्टीची बघू नकोस. या शनिवारचीच बस धर. लवकर ये गं.